विसरोबाची तार

९ जानेवारी, सोमवार

वकीलबाईंनी आज हुकूम सोडला. "साहेब, जे जे आठवतं ते लिहून काढा. कल्पना कधी सुचली, कुठे सुचली, शेजारी कोण होतं. पेटंटच्या कचेरीत तोंडी गोष्टी चालत नाहीत."

मी म्हटलं, "बाई, मी आयुष्यभर तोंडाच्या जोरावरच खाल्लं."

"तेच तर भय आहे," म्हणाल्या.

म्हणून ही वही. पोरीची कॉलेजातली, अर्धी कोरी. पुढच्या पानांवर तिची गणितं आहेत, मागून माझ्या थापा सुरू होतायत.

मामला असा. फौजेला डोंगरातल्या ठाण्यांसाठी एरियल हवंय. एका जवानाच्या पाठीवर मावलं पाहिजे, हातमोजे न काढता पाच मिनिटांत उभं राहिलं पाहिजे आणि मधे कडा असला तरी पलीकडच्या ठाण्याशी बोलता आलं पाहिजे. आमचा अकरा माणसांचा कारखाना. वीस वर्षं घरांच्या छपरांवरची एरियलं केली. मग छपरं टकली झाली आणि आम्ही मच्छीमारांच्या होड्यांवर आलो. आता हे काम मिळालं तर कारखाना पोरीच्या हाती ताठ मानेने देता येईल. पोरगी इंजिनियर आहे. ती अँटेना म्हणते, मी एरियल म्हणतो. ज्याने जन्म दिला त्याने नाव ठेवावं.

फौजेला दोन गोष्टी हव्यात. चाचणीत पास, आणि शोध कुणाचा याचं प्रतिज्ञापत्र. प्रतिज्ञापत्रात एक रकाना आहे: 'मूळ संशोधक'. पोरीने तिथे पेन्सिलीने माझं नाव लिहून ठेवलंय. आज दोनदा जाऊन बघून आलो. सातवी नापास माणसाचं नाव तिथे बरं दिसतं.

१२ जानेवारी, गुरुवार

वकीलबाईंसाठी, पहिल्यापासून.

मी विशीत फौजेत बिनतारी खात्यात होतो. डोंगराच्या अलीकडे मी, पलीकडे माझा मित्र. मधे सरळ उभा कडा. मी ऐकायच्या बाजूला, कारण माझे कान. सगळी पलटण मला कानसेन म्हणायची. आजही तिसऱ्या यंत्राचा पट्टा सैल झालाय हे मी जिन्यावरून सांगतो. मित्र पाठवायच्या बाजूला, मोर्सच्या बटणावर. त्याचा हात लाखात ओळखू यायचा. शिवणयंत्राची टीप घालावी तसे एकसारखे ठोके. हेडफोनच्या रबराचा वास, बाहेर शिट्ट्या घालणारा वारा, आणि संध्याकाळी ठरल्या वेळी खरखरीतून हळूच वर येणारा तो हात. त्या वेळी बरं वाटायचं. अजून वाटतं.

उंच खांबावरचं एरियल सिग्नल आडवा फेकतं आणि तो कड्यावर आपटून मरतो. मित्राच्या ठाण्यावरचा खांब वादळात मोडला, म्हणून त्याने तार हात पोचेल एवढ्याच उंचीवर बांधली. मग सिग्नल सरळ वर जायला लागला आणि आभाळावर आपटून आमच्या दरीत पडायला लागला. पण अशक्त. रोज संध्याकाळी कामाचं बोलणं झालं की तो विचारायचा, "कसं ऐकू येतंय?" मी सांगायचो, आज बरं, आज कालच्यापेक्षा वाईट, आज पुन्हा बरं. असं तीन आठवडे चाललं. हवामानाचा खेळ.

आणि एका संध्याकाळी आवाज असा घुसला की मी हेडफोन कानावरून उचलला. शेजारी बसून बोलावं तसा.

दोन दिवसांनी आमची तुकडी पलीकडे गेली. बरोबर मोठे साहेब. बघतो तर वरच्या तारेच्या बरोबर खाली, गवतात, दुसरी तार पडलेली. भांडारातली राखीव तार! साहेब कडाडले, "ही कुणाची?" मित्र ताठ उभा राहिला. "साहेब, गुंडाळायची विसरलो." मला असं हसू फुटलं की मीही शिक्षेतून थोडक्यात वाचलो. त्याला सात दिवस पाणी वाहायची शिक्षा झाली, आणि मी त्याचं नाव ठेवलं विसरोबा. ते पलटणीभर झालं. पुढे हजेरीलाही लोक तेच म्हणायचे.

ती तार मीच गुंडाळली. संध्याकाळी अलीकडे परत येऊन ऐकलं, तर सिग्नल पुन्हा मेलेला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दिव्यामागे चकचकीत पत्रा लावला की उजेड पुढे पडतो, तशी ती खालची तार जमिनीत मुरणारा सिग्नल वर ढकलत होती. मी साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "कान आहेत की काय आहे हे!" आणि मला बढतीची एक फीत मिळाली.

विसरोबाच्या विसराळूपणातून शोध लागला, पण लावला मी. सफरचंद काय, सगळ्यांसमोर पडतं.

एक गंमत मात्र राहून गेली. सकाळी दव इतकं होतं की आमचे बूट भिजले होते. पण गुंडाळताना ती तार हाताला कोरडी लागली. चाळीस वर्षांनी माणसाला काय काय आठवतं!

१७ जानेवारी, मंगळवार

वरचं पान हिला वाचून दाखवलं. ही म्हणजे माझी बायको. माझ्या गोष्टींना ती हसत नाही, कारण तिला पाठ आहेत.

"कारखान्याच्या उद्घाटनाचं लिहिलं नाहीत?"

"त्यात काय लिहायचं?"

"तेव्हा आले होते ना तुमचे मित्र. शर्ट कडक इस्त्रीचा, हातात काहीतरी कागदात गुंडाळलेलं. तुम्ही पाहुण्यांसमोर ही गोष्ट सांगितलीत."

"सांगितली. सगळे पोट धरून हसले. तोही हसला."

"ते हसले नाहीत," ही म्हणाली. "मी चहा देत होते. त्यांनी कप खाली ठेवला, अर्धा भरलेला."

त्यानंतर तो फिरकला नाही हे खरं. एक-दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. तीस वर्षं झाली. माणसं बदलतात. कुणाला दुसऱ्याचं बरं झालेलं बघवत नाही. हे लिहिलं खरं, पण तो तसा नव्हता.

२४ जानेवारी, मंगळवार

बापलेकीचं भांडण, सकाळी नऊला, सगळ्या कारखान्यादेखत.

पोरगी संगणकावर सिग्नल कुठे किती जातो त्याचा रंगीत फुगा दाखवून म्हणते, "बाबा, खालची तार जमिनीपासून थोडी वर असेल तर गणित चांगलं येतंय. आणि वरच्या तारेपेक्षा थोडी लांब हवी."

"किती वर?"

"वीतभर, दोन वीत. जमीन कशी आहे त्यावर. नक्की आकडा मापं घेऊनच कळेल."

"मी डोळ्यांनी पाहिलीय ती तार. जमिनीवर होती. विसरलेली वस्तू जमिनीवरच पडते, अधांतरी तरंगत नाही."

"पण बाबा..."

"तुझ्या गणिताने तो आवाज ऐकलाय का?"

गप्प बसली. आईवर गेलीय, बसते तेव्हा फार जोरात गप्प बसते. फोरमन दुसरीकडे बघून स्क्रू मोजायला लागला. अंगणातल्या कोरड्या मातीवर लावून पाहिलं तर झकास चाललं. मी जिंकलो.

३१ जानेवारी, मंगळवार

हरलो.

चाचणीला फौजेने जागा निवडली ओढ्याकाठची. ओलं गवत, घोट्यापर्यंत चिखल. फौजेच्या एका नायकाने एरियल चार मिनिटांत उभारलं, तिथपर्यंत छाती फुगलेली होती. तारा पसरत होत्या तोवर मी अधिकाऱ्यांना विसरोबाची गोष्टही सांगितली. तरुण अधिकारी, मनापासून हसले.

मग कड्याच्या अलीकडे येऊन हेडफोन लावला. आवाज होता. पण कसा, तर शेजारच्या घरात कुणी आजारी माणूस कण्हतोय तसा. मी उगाच म्हणालो, "येतोय की."

अधिकारी म्हणाले, "काका, येतोय. पण गोळी चालू असताना 'येतोय' पुरत नाही. तेवीस फेब्रुवारीला पुन्हा या. त्यानंतर यादी बंद."

परतीच्या गाडीत पोरगी एक शब्द बोलली नाही. 'मी सांगत होते' हेसुद्धा नाही. त्यापेक्षा बोलली असती तर बरं.

२ फेब्रुवारी, गुरुवार

चार दिशांनी विचार केला. माती ओली होती, पण तेव्हाही दव होतंच. मग तेव्हा चाललं आणि आता का नाही? त्या दिवशी तार नक्की कशी पडली होती हे सांगणारा जगात एकच माणूस, आणि तो विसरोबा! आंधळ्याला रस्ता विचारायचा म्हणतात ते हे.

वकीलबाईंनाही तोच हवाय. "तार अपघाताने पडली आणि अर्थ तुम्ही लावलात, एवढं त्यांनी लिहून दिलं की तुमचं नाव पक्कं."

एका दगडात दोन पक्षी. जावं लागणार.

६ फेब्रुवारी, सोमवार

पलटणीतल्या जुन्या स्वयंपाक्याकडून पत्ता मिळाला. विसरोबा पाणीपुरवठ्याच्या पंपघरातून निवृत्त झालाय, मुला-सुनेकडे राहतो. बसने सहा तास. फोन केला तर सून बोलली. निरोप देऊन परत फोनवर आली आणि म्हणाली, "बाबा म्हणतायत, गुरुवारी या. साडेअकराच्या आधी नको, त्यांची झाडांच्या पाण्याची वेळ असते."

९ फेब्रुवारी, गुरुवार

बसमध्ये लिहितोय. अक्षर बसच्या मर्जीने.

अकरा पंचविसाला पोचलो. सून दारात. "पाचच मिनिटं बसा काका. अर्ध्यातून उठत नाहीत ते. आमच्याकडे घड्याळ बंद पडलं तर आम्ही बाबांना विचारतो."

"कुणाला, विसरोबाला?" मी हसून म्हणालो.

"कोण?" ती म्हणाली. तिला ते नाव माहीतच नव्हतं.

बसल्या जागेवरून त्याची खोली दिसत होती. भिंतीवर हत्यारं, प्रत्येकाच्या मागे त्याचीच बाह्यरेषा रंगवलेली. खिळ्यांच्या बरण्या मापाच्या क्रमाने. हे बघत असतानाच माझ्या आत कुठेतरी काहीतरी घसरलं. ज्या माणसाचा पाना तीस वर्षांत जागा चुकलेला नाही, तो माणूस चाळीस पावलं लांबीची तार विसरतो?

तो आला. केस गेलेत, गुडघा वाकत नाही, पाठ तशीच सरळ.

"ये, कानसेन."

चहा झाला. हवापाण्याचं बोलणं झालं. मग मी मोठ्या सहजपणे, जसं काही आत्ताच आठवलं, तसा म्हणालो, "अरे, त्या दिवशी तू ती तार विसरलास ना, ती नक्की कशी पडली होती आठवतं का रे? तुला कसलं आठवणार म्हणा!"

त्याने बशी बाजूला सरकवली. "किती वर्षं सांगतोयस ही गोष्ट?"

"चाळीस झाली असतील."

"बेचाळीस. आणि पडली नव्हती. मी टाकली होती."

त्याने हाताने उंची दाखवली.

"जमिनीपासून दीड वीत वर. दर दोन पावलांवर चपट्या दगडांची चळत, त्यावर लाकडाची ढलपी, त्यावर तार. गवत उंच होतं म्हणून तुला दगड दिसले नाहीत. गुंडाळताना ठेचकाळला होतास, आठवतं?"

आठवलं. शिव्याही दिल्या होत्या दगडांना.

"वरच्या तारेपेक्षा दोन पावलं लांब. पहिल्यांदा बरोबरीची टाकली, तू म्हणालास वाईट. मग पाऊलभर वाढवली, तू म्हणालास बरं. मग जमिनीला टेकवली, तू म्हणालास मेलास काय रे. मग उचलत गेलो, बोटाबोटाने. तीन आठवडे."

"म्हणजे मी जे हवामान समजत होतो..."

"मी होतो ते."

"मग साहेबांना विसरलो म्हणून का सांगितलंस?"

"राखीव तार हुकमाशिवाय कापली होती. कापली म्हटलं असतं तर कोठडी. विसरलो म्हटलं तर सात दिवस पाणी. तू काय केलं असतंस?"

"पण नंतर? मला तरी सांगायचंस!"

"तुला फीत मिळाली होती. मी तोंड उघडलं असतं तर तुझी उतरली असती आणि मी आत गेलो असतो. म्हटलं, नोकरी संपल्यावर सांगू. मग तुझ्या कारखान्याच्या दिवशी आलो. वही घेऊन आलो होतो, तीन आठवड्यांची. सगळी मापं, आणि समोर तू रोज काय म्हणालास ते. वाटलं होतं दोघं मिळून काहीतरी करू."

हिचं ते 'कागदात गुंडाळलेलं' आठवलं. मी कुठे बघावं तेच कळेना.

"मग?"

"मग तू गोष्ट सांगितलीस," तो म्हणाला. रागाने नाही. पंपाचा दाब सांगावा तसा. "विसरोबा म्हणून हाक मारून मला पुढे बोलावलंस. त्यानंतर वही कशी काढायची?"

"ती वही कुठे आहे?"

"बंबात घातली. आकडे राहिलेत." त्याने बोट कपाळाला लावलं.

मी माफी मागायला तोंड उघडलं. बेचाळीस वर्षं हे तोंड कधी अडलं नव्हतं. आज अडलं. नुसतं म्हणालो, "लेका, एकदा शिवी तरी द्यायचीस."

"दिल्या की. तुझ्या पाठीमागे. भरपूर." मग जरा हसला. "हे बघ, सगळंच तुझ्याविरुद्ध नाही. माझ्याकडे मोजायला होतं काय? एक मोडका खांब आणि तुझे कान. तू 'बरं' म्हणालास की खरंच बरं असायचं. दुसरा कुणी असता तर मला काही कळलं नसतं."

हे ऐकून जास्तच वाईट वाटलं.

निघताना मी विचारलं, चाचणीला येशील का, प्रतिज्ञापत्राच्या फॉर्मवर सही करशील का. फॉर्मचं काही बोलला नाही. म्हणाला, "मी आयुष्यभर पाठवणाऱ्या बाजूला बसलो. कसं ऐकू येतंय, हे विचारत राहिलो. ती तार कशी ऐकू येते ते मला ठाऊकच नाही. मला ऐकायच्या बाजूला बसव. मग येतो."

१० फेब्रुवारी, शुक्रवार

पोरीला सगळं सांगितलं. दीड वीत आणि दोन पावलं. तिने संगणकात घातलं, रंगीत फुगा टम्म फुगला. पडद्याकडेच बघत म्हणाली, "बाबा, त्यांच्याकडे संगणक होता का?"

"मी होतो," म्हणालो आणि लगेच जीभ चावली. सवय जाता जात नाही.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

मित्र आलाय. आमच्याकडेच उतरलाय. काल कारखान्यात आला, अर्धा तास नुसता फिरला आणि फोरमनला म्हणाला, "तिसऱ्या यंत्राचा पाया हललाय." पट्टा सैल असल्याचं मी महिनाभर सांगतोय. पाया हललाय म्हणून पट्टा सैल होतो हे मला सुचलं नव्हतं.

खालच्या तारेसाठी घडीचे पाय केले, प्लॅस्टिकचे, दर दोन पावलांवर एक. पोरगी आणि तो जमिनीवर बसून मापं घेत होते. तो 'बेटा' म्हणतो, ती 'काका' म्हणते. दोघं एकमेकांशी फार थोडं बोलतात आणि फार पटकन समजतात. मी दोनदा मधे बोलायला गेलो. दोनदा दोघांनी एकाच वेळी हात वर केला, थांब म्हणून.

खोटं कशाला लिहू? फॉर्मवरच्या रकान्याचं मनातून जात नाही. पेन्सिलीचं नाव खोडायला घेतलं आणि खोडरबर खाली ठेवलं. स्वतःशीच वाद घातला. तीस वर्षं कारखाना कुणी चालवला? घडी घालायची युक्ती कुणाची? मीच की. तार त्याची. मग दोन नावं. पण आधी कुणाचं? ही म्हणाली, "तुम्हाला उत्तर माहीत आहे, म्हणून तर इतका वेळ लागतोय."

२३ फेब्रुवारी, गुरुवार

तोच ओढा, तोच चिखल, तेच अधिकारी. बरोबर दोन मोठे साहेब.

तारा पसरेपर्यंत तरुण अधिकारी म्हणाले, "काका, ती विसरोबाची गोष्ट यांना सांगा ना. साहेब, ऐकाच तुम्ही, पोट दुखेल हसून." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मित्र तिथेच उभा, बुटाचा चिखल दगडावर पुसत. त्याने वर बघितलं नाही.

माझी सगळ्यात चांगली गोष्ट आहे ती. कुठे थांबायचं, कुठे ताठ उभं राहून दाखवायचं, सगळं बसलेलं. बेचाळीस वर्षांत एकदाही पडली नाही.

म्हणालो, "साहेब, ती गोष्ट खोटी निघाली. हेच ते. हे काही विसरले नव्हते. यांनी तार मापून, तोलून, दगडांवर ठेवली होती, आणि कोठडी टाळायला विसरलो म्हणाले. नीट बघायचं मी विसरलो. म्हणूनच गेल्या वेळी तुमच्यासमोर तोंडावर पडलो. मी ती विसरलेली समजत होतो, म्हणून जमिनीवर टाकली."

कुणी हसलं नाही. गोष्ट पडली. एक मोठे साहेब मित्राकडे वळून म्हणाले, "किती उंच होती?"

"दीड वीत," तो म्हणाला आणि त्यांना घेऊन तारेपाशी वाकला, गुडघा न वाकवता.

मग तो, पोरगी आणि साहेब कड्याच्या अलीकडे गेले. मी पलीकडे, नायकाबरोबर. बोलायची सोय होती, पण मित्राने आधीच सांगितलं होतं, बटणावर पाठव. माझी बोटं जड झालेली. पहिला शब्द दोनदा चुकला. मग पाठवलं: कसं ऐकू येतंय?

काही नाही. नुसती खरखर. नायक माझ्याकडे बघतोय, मी घड्याळाकडे. अर्धं मिनिट, एक मिनिट. गेलं, म्हटलं, यादी बंद. पुन्हा पाठवलं: कसं ऐकू येतंय?

तेव्हा तो हात आला. शिवणयंत्राची टीप. जरा संथ, पण तीच.

थांब. ऐकू दे.

पोरगी नंतर सांगत होती. साहेबांनी दोनदा विचारलं, "काका, आवाज कसा आहे?" काकांनी उत्तरच दिलं नाही. हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून बसले होते. शेवटी साहेबांनी दुसरा जोड मागवून स्वतः ऐकलं आणि कागदावर शेरा लिहिला.

पास.

२८ फेब्रुवारी, मंगळवार

वकीलबाईंची कचेरी. आज कागद दाखल करायची शेवटची तारीख, पाच वाजता पेटंटच्या कचेरीची खिडकी बंद. पेन्सिलीचं नाव मी घरूनच खोडून आणलं होतं. मूळ संशोधक: वर त्याचं, खाली माझं. शाईने. लिहिताना टोचलं. लिहून झाल्यावर कमी टोचलं.

वकीलबाई म्हणाल्या, "प्रत्येकाचा वाटा काय, एका ओळीत सांगा."

मी म्हणालो, "यांनी तार लावली. मी ऐकली."

"ऐकली कुठे?" तो म्हणाला. "तीन आठवडे रोज ओरडून सांगत होतो बटणावरून."

"मग काय लिहू?" वकीलबाई वैतागल्या. साडेतीन झाले होते.

"तपासणी," तो म्हणाला. "तपासणी याची. ती पक्की होती."

मी पटकन सही केली. मला वाटलं तोही करेल. त्याने खिशातून चष्मा काढला, फडक्याने पुसला, पहिलं पान समोर ओढलं आणि वाचायला लागला. चौदा पानं. प्रत्येक ओळीखाली बोट. वकीलबाई घड्याळ बघतायत, पोरगी नखं खातेय. पाचव्या पानावर दोन पावलांच्या जागी दीड पाऊल छापलेलं सापडलं. अकराव्यावर एक आकृती उलटी. पोरीने पळत जाऊन पानं बदलून आणली.

माझ्या जिभेवर सतरा गोष्टी आल्या. 'अरे कर की सही.' 'काय जावयाची कुंडली वाचतोस?' आणखीही बऱ्याच, सगळ्या चांगल्या होत्या. एकही बाहेर सोडली नाही. तासभर भिंतीला पाठ लावून बसलो आणि त्याचं बोट कागदावरून सरकताना होणारी बारीक सळसळ ऐकत राहिलो.

चार चाळिसाला त्याने सही केली, पेनाला टोपण लावलं आणि माझ्याकडे बघितलं.

"तासभर गप्प," तो म्हणाला. "हे मात्र नवीन आहे."